सोन्याच्या अंड्याचे वंशज

३ मार्च १९७२

वही घेऊन चार दिवस झाले. आज पहिलं पान. लिहायचा सराव नाही, अनाथाश्रमात पाचवी अर्धी सोडली ती सोडलीच. पण इथे बोलायला कोणी नाही आणि गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून ही वही.

गिम्हेला येऊन आठवडा झाला. त्याआधी कोळशाच्या खाणीत पाच महिने, बुसानला रबरी बुटांच्या कारखान्यात सात, मासेमारीच्या बोटीवर तीन आठवडे. बोटीवर नुसत्या उलट्या. कुठेच पाय ठरत नाही. वोंजूच्या आश्रमातल्या बाई म्हणायच्या, या पोराच्या तळव्यात मुंग्या आहेत. पण गिम्हेला मी मुंग्यांमुळे आलो नाही. माझ्या कागदावर लिहिलंय: किम, मूळ गाव गिम्हे. बावीस वर्षांत आपलं मूळ गाव पाहिलं नाही हे बरं नव्हे.

गावाबाहेर रांजणांची भट्टी आहे. मालक अंगणात रांजण थोपटत बसले होते. काम आहे का विचारलं.

"नाव?"

"किम सोक-बोम."

किम म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच. "कुठला किम?"

"गिम्हेचा."

मालकांनी हातातलं थापटणं खाली ठेवलं. "राजाचा?"

"हो. राजाचा."

"अगं सुन-इम, ऐकलंस का? आपलाच निघाला!" ते घराकडे बघून ओरडले. मग मला म्हणाले, "मी हॉ आडनावाचा. राणीचा. मालक नको म्हणू, काका म्हण. मागची खोली रिकामी आहे, तिथे राहा. जेवण आमच्यातच."

गोष्ट त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितली. मला येत होती, तरी ऐकली. राणी लांबच्या देशाहून लाल शिडाच्या नावेतून आली. राजाला दहा मुलगे झाले. शेवटी राणी म्हणाली, मी परक्या देशात मरणार, माझं नाव घेणारं इथे कोणी उरणार नाही. म्हणून राजाने दोन मुलांना तिचं आडनाव दिलं. ते हॉ. बाकीचे किम.

"एका आईची लेकरं," काका म्हणाले. "दोन हजार वर्षांत तुमच्या-आमच्यात एक लग्न झालेलं नाही. माझी बायको गेली, घरात पोर एकटी. तरणा माणूस ठेवायचा म्हणजे जिवाला घोर. पण भाऊच म्हटल्यावर कसली काळजी!"

मला पहिल्यांदाच कोणी आपला म्हणून खोली दिली.

आमच्या आश्रमात आम्ही अडतीस जण होतो आणि अडतीसही गिम्हेचे किम. एक कारकून एका दुपारी येऊन सगळ्यांची नावं लिहून गेला होता. एकाच राजाची इतकी लेकरं एकाच छपराखाली आली, याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. अजून वाटतं.

९ मार्च

काम म्हणजे माती तुडवणं. सकाळपासून जेवणापर्यंत अनवाणी, गोल गोल. पाय बधिर होतात. माझ्याबरोबर म्हातारा प्यो असतो. तो उत्तरेकडचा. लढाईत बायको आणि दोन मुली सीमेपलीकडे राहिल्या, हा अलीकडे. सगळे त्याला प्यो आबा म्हणतात.

"पाय उचल, राजपुत्रा! ती माती आहे, सिंहासन नाही."

"उचलतोय की आबा."

"तुझा राजा अंड्यातून आला ना? मग पंख वापर."

दिवसभर हेच. पण मातीतला खडा त्याला तळव्याने कळतो. मी त्यावर नाचतो तरी मला कळत नाही.

१९ मार्च, रविवार

राजाच्या समाधीवर गेलो. मोठा थोरला मातीचा उंचवटा, वर गवत, भोवती भिंत. नमस्कार केला, गवतात बसलो. म्हटलं, आजोबा, मी आलो. मग फार हलकं वाटलं, म्हणून खाणीतलं, बोटीवरचं, सगळंच सांगून टाकलं.

तिथून कुजी टेकडीवर गेलो. अंडी उतरली ती जागा. राजा नव्हता तेव्हाची गोष्ट. नऊ म्होरके होते, त्यांना टेकडीतून आवाज आला की माथा खणा, नाचा, कासवाला डोकं बाहेर काढ म्हणून दम भरा, राजा मिळेल. ते नाचले. आकाशातून दोरी उतरली, टोकाला लाल फडक्यात सोन्याची पेटी, पेटीत सहा अंडी. बारा दिवसांनी सहा मुलगे. आधी बाहेर आला तो आमचा सुरो राजा.

आज वर बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली. अंड्यांबरोबर मोठं माणूस कोणी आलं नाही. दोरी वरून कोणी सोडली? परत ओढून का नाही घेतली? हे कोणी विचारत नाही. मी एका स्टेशनात सापडलो. माझ्याभोवती लष्करी घोंगडी होती, लाल नव्हती. बाकी फारसा फरक दिसत नाही.

२६ मार्च

रांजण वाळला की त्यावर राखेचं पाणी चढवतात आणि ते ओलं असतानाच बोटांनी नक्षी काढायची. ते काम सुन-इमचं. एक श्वास आणि एक नक्षी. चार बोटं फिरवली की लव्हाळं उभं राहतं. मी पाणी ओतून देतो.

"तू रविवारी त्या उंचवट्याला जाऊन काय सांगतोस?" तिने विचारलं.

"नातेवाइकांशी जे बोलतात तेच."

"नातेवाइकांशी भांडतात."

"माझी भांडणापर्यंत ओळख झाली नाही अजून."

ती हसली आणि नक्षी वाकडी गेली. म्हणाली, हा रांजण तुझ्या नावावर. मी म्हटलं, वाकडा असेना, माझ्या नावावर काहीतरी झालं.

पाच आठवड्यांत मला इथून निघून जावंसं एकदाही वाटलेलं नाही. माती चांगली आहे इथली.

६ एप्रिल

मध्यस्थ बाई येऊन गेली. सुन-इमसाठी मासानचं स्थळ आहे, मुलाच्या बापाचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. रविवारी चहाच्या दुकानात मुलगा बघायचा. काकांना भट्टी सोडता येत नाही. मला म्हणाले, "भाऊ म्हणून तू जा. तिच्या बाजूने घरचं कोणीतरी दिसलं पाहिजे."

मी नवा शर्ट धुतला. हे घरचं काम, जबाबदारीचं. मला आनंद व्हायला हवा होता.

९ एप्रिल, रविवार

मासानला जाऊन आलो. मुलगा बरा आहे. चहात तीन चमचे साखर घालतो. मला विचारलं, "तुम्ही सख्खे भाऊ?"

"दोन हजार वर्षांपासून," मी म्हटलं.

सुन-इमने कपाआड तोंड लपवलं.

परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कसा वाटला?"

"चांगला आहे. नखं स्वच्छ आहेत."

"भाऊ म्हणून विचारते. होकार देऊ?"

"दे की."

मी हात लांबवून खिडकी लावली. त्या रस्त्यावर धूळ फार. घरी आल्यावर सुन-इम काकांना म्हणाली, मला विचार करायला वेळ हवा. चांगल्या स्थळात विचार कसला करायचा, मला कळत नाही.

२८ एप्रिल

आज राजाची वसंतातली मोठी पूजा. महिनाभर मी दिवस मोजत होतो. काकांनी मला त्यांचा जुना पांढरा झगा दिला. देशभरातून माणसं आलेली. काळ्या जाळीच्या टोप्या, पांढरे झगे, वाफाळणारा भात, धूप. सगळे किम आणि सगळे हॉ. मी गर्दीत उभा राहून नुसते चेहरे बघत होतो, कोणाचं नाक माझ्यासारखं आहे का.

दाराशी एक वडीलधारे वही घेऊन बसले होते. माझ्या पुढच्याने धडाधड सांगितलं, अमुक शाखा, एकाहत्तरावी पिढी. त्याच्या पोराने पण सांगितलं, एवढंसं पोर.

"तू?" वडीलधाऱ्यांनी मला विचारलं. "शाखा कुठली?"

"गिम्हे."

"ते सगळ्यांचंच. शाखा?"

मी पुन्हा गिम्हेच म्हटलं.

"पिढीचं अक्षर कुठलं तुझं? सोक की बोम?" एका पिढीतल्या सगळ्यांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवतात म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी अंदाजाने "सोक" म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं.

"मग तू राजाच्या पणतवंडात गेलास. सतराशे वर्षांचा दिसत नाहीस." मागे दोघंतिघं हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू विचारलं, "अनाथाश्रम?"

"हो. वोंजूचा."

"तिथला कारकून सगळ्यांना गिम्हेच लिहायचा. सर्वांत मोठा वंश, कोणी विचारायला येत नाही. गेल्या वर्षी तुझ्यासारखे सात आले होते." वही मिटली नाही त्यांनी, पण लिहिलंही नाही. "शेवटच्या रांगेत उभा राहा. नमस्कार कर. राजा काही वही घेऊन बसलेला नाही."

मी शेवटच्या रांगेत उभा राहिलो. सगळे वाकले तेव्हा मीही वाकलो. कोणाला वाकतोय ते कळेना.

दाराशी हे चाललं होतं तेव्हा काका माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

२९ एप्रिल

सकाळी मालक म्हणाले, "खोली रिकामी कर. आजपासून भट्टीशेजारच्या शेडमध्ये झोप. जेवण तिकडेच येईल." माझ्याकडे बघितलं नाही. काका म्हणायचं की नाही विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

अंथरूण सुन-इमने आणून दिलं. आणून देताना ती हसत होती. गालातल्या गालात नाही, चांगलं दात दाखवून.

"हसतेस काय?"

"हसू येतं म्हणून."

"माझा राजा गेला, घर गेलं. तुला गंमत वाटते?"

"वाटते," म्हणाली आणि गाणं गुणगुणत गेली.

माणसं अशी असतात. जेवणात माझ्या वाटीत दोन मासे निघाले. कीव आली असेल. मी एक खाल्ला, एक तसाच ठेवला.

३ मे

चार दिवस मी सुन-इमशी बोललो नाही. आज माती तुडवताना प्यो आबा थांबला.

"तू खरंच ठोंब्या आहेस की सोंग करतोस?"

"काय झालं?"

"मालकाने तुला खोलीतून का काढलं?"

"मी राजाचा नाही म्हणून."

"अरे गाढवा, तू भाऊ नाहीस म्हणून! परका तरणा पुरुष झालास तू. बापाला आता भीती वाटते, आणि पोरगी नाचतेय. हे सगळ्या गावाला कळलं, रांजणांना कळलं."

मी चिखलात खाली बसलो. आबा म्हणाला, "बसू नकोस, माती घट्ट होते."

७ मे, रविवार

समाधीवर गेलो नाही. मालकांपुढे गुडघे टेकून बसलो आणि विचारलं. इतका वेळ मनात घोकलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हटलं, "सुन-इमला मला द्या."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.

"तुझ्या बापाचं श्राद्ध कुठल्या दिवशी?"

"माहीत नाही."

"आजोबाचं?"

"माहीत नाही."

"मग ती सून म्हणून पान कोणापुढे वाढणार? भिंतीपुढे?" थोडं थांबले. "आम्ही मडकी करणारी माणसं. माझ्या आजोबांना बाजारात कुत्र्यासारखं हाकलायचे. लग्नाच्या पंगतीत बाहेर बसवायचे. आमच्याजवळ काही नव्हतं पोरा, फक्त राणी होती. ती मी माझ्या हाताने घालवू?"

खरं म्हणजे मला ते पटलं. आपल्यामागे राजा-राणी असण्याचं सुख काय असतं, ते मी नऊ आठवडे भोगलंय.

म्हणजे असं: राजाचा असलो तर ती बहीण. नसलो तर मी कोणीच नाही. दोन्हीकडून दार बंद, आणि दार एकच.

१२ मे

मालक गावातून सुका मासा आणि तांदळाची दारू घेऊन आले आणि मला शेडमधून बोलावून बसवलं. ते त्या वहीवाल्या वडीलधाऱ्यांकडे गेले होते, माझ्यासाठी! यंदा वंशावळ नव्याने छापतायत. एका शाखेतला एक माणूस मूल न होता वारला. त्याचा दत्तक मुलगा म्हणून मला घालायला सगळे तयार झालेत. वीस तारखेला सहीऐवजी मारायला माझ्या नावाचा शिक्का घेऊन जायचं. शाखा, पिढी, सगळं मिळेल. श्राद्धाला माणसं मिळतील.

"मग मागची खोली तुझीच," काका म्हणाले. परत काका. त्यांनी स्वतः माझा पेला भरला.

पाच दिवसांपूर्वी नाही म्हणाले आणि आज माझ्यासाठी एवढे हेलपाटे घातले. केवढी माया. माणूस ओळखता येत नाही हे खरं.

प्यो आबाला सांगितलं तर तो थुंकला आणि म्हणाला, "कच्चा आहेस." सुन-इमच्या हातून आज दोन रांजण फुटले. तिचा हात असा कधी चुकत नाही.

वहीत लागलो की मी पुन्हा तिचा भाऊ होणार, हे मला समजतं, तेवढा मूर्ख नाही. पण ती तरी मला कुठे मिळणार होती? आणि एकाहत्तर पिढ्या! एकावर एक, सगळी नावं, खाली माझं. लहानपणापासून दुसरं काही मागितलं नाही मी. शिक्का करायला टाकला.

१७ मे

सुन-इम पाणी भरायला आली. "वीस तारखेला जाणार?"

"जावं लागेल. काकांनी शब्द टाकलाय."

"बाबांनी मासानलाही शब्द दिलाय. लग्नाला सप्टेंबरची तीस तारीख." कळशी भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं. "भावाला बातमी द्यावी म्हणून आले."

२० मे

गेलो. वडीलधाऱ्यांनी पान उघडून ठेवलं होतं. मेलेल्या माणसाचं नाव, खाली रिकामी जागा. शाई उगाळलेली. मी शिक्का बाहेर काढला.

मग काय झालं मला नीट सांगता येत नाही. त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि वाटलं, हा माणूस मला ओळखत नाही. मी त्याला बाप म्हणणार, आणि तो कोण, चिडायचा का, नखं कशी होती, काहीच माहीत नाही. असलं एकदा झालंय. त्या कारकुनाने एकदा केलंय.

म्हटलं, "आजोबा, पहिल्या पानावर राजाच्या वर कोणाचं नाव आहे?"

त्यांनी पानं उलटून दाखवलं. "वर कोणाचं नाही. कोरं आहे."

"मग माझंही नका लिहू."

त्यांनी कुंचला खाली ठेवला. "नाही लिहिलं तर कोणाचा होशील?"

"तेच विचारतोय. दुसरा काही मार्ग असतो का?"

असतो. ज्याचे आईबाप माहीत नाहीत त्याला कोर्टात नवीन मूळ गाव मागता येतं. वंश त्याच्यापासून सुरू. "पण त्यात कोणी नसतं बाळा," ते म्हणाले. "सणाला तू एकटा. मला तर विचारानेच धडकी भरते." शाई वाया गेली तरी रागावले नाहीत. निघताना एक मोठं नासपतीचं फळ हातात दिलं.

मालकांना सांगितलं. ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. "दोन हजार वर्षांचा राजा एका दुपारी सोडलास! उद्या माझ्या पोरीला सोडायला तुला किती वेळ लागेल?" उद्या इथून निघ म्हणाले.

सुन-इम भट्टीमागे भेटली, तिला कोर्टाचं सगळं सांगितलं. खूश होईल वाटलं होतं. ती खूश नव्हती.

"कागद किती दिवसांत मिळतो?"

"माहीत नाही."

"सप्टेंबरच्या आत आणलास तर बाबांपुढे मी उभी राहीन. एका पिढीचा का होईना, वंश आहे म्हणेन. नाही आणलास तर मासानला जाईन. रडत जाणार नाही, आधीच सांगते." मग म्हणाली, "एक खरं सांग. तू वहीत शिक्का मारला नाहीस, तो माझ्यासाठी की आणखी कशासाठी?"

"तुझ्यासाठीच."

तिने मान हलवली. विश्वास बसल्यासारखी नव्हती.

२७ मे

वोंजू. आश्रमाच्या जागी आता सायकलींचं गोदाम आहे. त्या बाई वारल्या. मी सापडलो ते स्टेशन सिल्लिम, डोंगरातलं, हे नगरपालिकेतल्या जुन्या रजिस्टरात निघालं. जाऊन आलो. एक फलाट, एक बाक. स्टेशनमास्तर म्हणाला, इथे दिवसात चार गाड्या थांबतात, लढाईत तेवढ्याही नव्हत्या. तास-दीडतास बसलो. कोणी उतरलं नाही.

दिवसा लाकडाच्या वखारीत काम करतो. कोणाशी बोलणं होत नाही. आबाच्या शिव्यासुद्धा आठवतात.

९ जून

कोर्टात गेलो. खिडकीतला कारकून तरुण होता, तोंडात पेन्सिल. अर्ज पुढे ठेवला.

"कागद कधीपर्यंत हवा?"

"सप्टेंबरच्या आत."

त्याने मोठं रजिस्टर चाळलं. "सुनावणीच चोवीस ऑक्टोबरला लागते. त्याआधी देवाला पण मिळणार नाही."

मी बोटांवर महिने मोजले. मागचा माणूस म्हणाला, अहो चला पुढे.

कारकून म्हणाला, "लग्नासाठी हवा असेल. बहुतेकांना त्यासाठीच हवा असतो. मग राहू दे, अर्ज परत देतो. उगाच महिनोन्महिने खेटे घालाल."

त्याने अर्ज खिडकीतून बाहेर सरकवला. मी तो परत आत सरकवला.

"लिहा," म्हटलं.

"मूळ गाव?"

"सिल्लिम."

"मूळपुरुष?"

मी माझं नाव सांगितलं. त्याने पेन्सिल काढून माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं.

दुपारी सुन-इमला पत्र टाकलं. दोनच ओळी. सुनावणी चोवीस ऑक्टोबरला आहे. मी अर्ज भरला आहे. खाली तुझा कोण म्हणून काय लिहावं सुचेना. नुसतं नाव लिहिलं.